उस्तादांनी छापलेली विद्या

संगीताचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते. मुसलमान उस्तादांनी विद्या घराण्यात दडवून ठेवली आणि पं. भातखंडे व पं. पलुस्कर यांनी ती छापून सर्वांना खुली केली, असे ते वाक्य. त्याचा दुसरा भाग आदराने मान्य करावा असाच आहे. पहिला भाग मात्र तपासायला हवा. तो तपासायचा तर वाद्य शिकवणारी जुनी पुस्तके हुडकावी लागतात, आणि ती आज कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

मी राहतो विश्रामबागला, सांगली आणि मिरजेच्या मध्ये. मिरजेची सतारमेकर गल्ली इथून फार लांब नाही. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. पुढे 'सतारमेकर' हे आडनावच झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मग जिथे वाद्य घडते तिथे त्याची जुनी शिकवणीची पुस्तके का सापडू नयेत?

कारण साधे आहे. सतारीची तबली बदलता येते, तारा नव्या चढवता येतात, भोपळ्याला गेलेली चीर सांधता येते. पुस्तकाचे तसे नसते. शिकवणीचे पुस्तक पातळ आणि स्वस्त. रोजच्या हाताळणीने त्याची पाने सुटतात आणि हात बसला की ते रद्दीत जाते. कपाटात मिरवण्यासाठी ते कुणी घेत नाही, म्हणून जपतही नाही. त्यात कृष्णाकाठच्या घरांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले. जे पुस्तक जास्त वापरले गेले, तेच आधी नाहीसे झाले.

तरीही धागे हाती लागतात. सय्यद सफदर हुसेन खाँ देहलवी यांचे 'कानून-ए-सितार' हे उर्दू पुस्तक १८७१ मध्ये लखनऊत छापले गेले. सादिक अली खाँ यांचे 'सरमाया-ए-इशरत' १८७५ चे, दिल्लीचे. पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते १९०१ मध्ये, आणि भातखंड्यांची 'क्रमिक पुस्तकमालिका' त्याहून पुढची. म्हणजे तीस वर्षे आधी सतारीविषयीची पुस्तके उर्दूत, छापील स्वरूपात, पैसे देईल त्याला मिळत होती.

आपल्याला जवळचे उदाहरण बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये तिथे गायनशाळा सुरू केली. त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवली आणि पुस्तके लिहिली. त्यांचे 'संगीतानुभव' १८८८ चे. त्यांचे नातू इनायत खाँ यांनी १९०३ मध्ये 'इनायत हार्मोनियम शिक्षक' आणि 'इनायत फिडल शिक्षक' ही गुजराती पुस्तके काढली. नावातच 'शिक्षक' आहे. ज्याच्या घरात उस्ताद नाही, त्याला पुस्तकाने शिकवावे हा त्यांचा हेतू उघड दिसतो. फिडल तर युरोपचे वाद्य. ते आपल्या भाषेत शिकवणारा मुसलमान गवय्या होता.

ही पुस्तके विस्मरणात का गेली? एक कारण कायद्यात आहे. १८६७ च्या कायद्याने ब्रिटिश मुलखात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारजमा कराव्या लागत. मुंबई इलाख्याच्या तिमाही याद्यांत लेखक, छापखाना, पाने, प्रतींची संख्या आणि किंमत अशी सगळी नोंद होई. काही पुस्तके त्या वाटेने लंडनलाही पोहोचली. बडोदा, सांगली, मिरज ही मात्र संस्थाने. तिथल्या छापखान्यांवर हा कायदा लागू नव्हता.

दुसरे कारण नावांचे. आपली ग्रंथालये आडनावाने कार्ड लावतात. उस्तादांना ठरलेले आडनाव कुठले? खाँ, खां, खान, ख़ान, एकाच शब्दाची चार रूपे. इनायत खाँ पुस्तकांवर 'पठाण' हेही लावत. जगाला ते हजरत इनायत खान, पाश्चात्त्यांना सूफी विचार सांगणारे, म्हणून ठाऊक. 'खान'खाली शोधणाऱ्याला 'पठाण' सापडत नाही. शोधताना 'सतार' आणि 'सितार' दोन्ही लिहून पाहावे, 'शिक्षक', 'दर्पण', 'प्रकाश' हे शब्द जोडून पाहावेत.

तिसरे कारण सांगलीचेच आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक पुण्यात छापले. त्यांच्या श्रुतिसंशोधनाला उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साथ होती. हेच खाँसाहेब पुढे मिरजेत स्थायिक झाले आणि १९३७ पासून ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात विसावले आहेत. देवलांचे श्रम थोर, त्यांचे नाव मुखपृष्ठावर हवेच. पण ग्रंथालयाच्या कार्डावर लेखक एकच असतो, आणि ज्याच्या सुरावर प्रयोग झाले तो त्यावर दिसत नाही.

काही उस्ताद हातचे राखून शिकवत, हे खरेच. रोजीरोटी त्याच चिजांवर असल्यावर असे होणारच. पण काहींनी ती विद्या छापलीही. एका प्रकारच्या उस्तादाची आठवण आपण जपली, दुसऱ्याची रद्दीत घातली.

गेलेले परत येऊ शकते. इनायत खाँ यांचे १९१२ चे उर्दू 'मिनकार-ए-मूसीकार' शंभराहून अधिक वर्षांनी, २०१६ मध्ये, ॲलिन मायनर यांच्या इंग्रजी भाषांतरातून पुन्हा वाचकांपुढे आले. एक प्रत कुठेतरी शिल्लक होती म्हणूनच हे घडले.

म्हणून माझी विनंती आहे. आजोबांच्या ट्रंकेत, मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या कपाटात, हार्मोनियमच्या पेटीत एखादे पातळ, पाने सुटलेले पुस्तक असेल तर ते टाकू नका. लिपी वाचता येत नसली तरी चालेल. मुखपृष्ठ आणि शेवटचे पान यांचा फोटो काढा. छापखाना आणि किंमत बहुधा तिथेच असते. मग जवळच्या वाचनालयात ते नोंदवून घ्या, आणि कार्डावर उस्तादाचे नाव पूर्ण लिहायला सांगा.