माटुंग्याचं घन आम्ल

मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला, तेव्हा शिकवायचे विषय दोनच होते: कापडाचं रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकी. गिरण्यांच्या शहराची गरजच ती होती. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याला आला आणि कारखानदारांच्या तोंडी ‘यूडीसीटी’ म्हणून रुळला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्याचे गणपती यादव १९७४ मध्ये इथूनच अभियंता झाले.

पीएच.डी.ला त्यांना मार्गदर्शक लाभले मनमोहन शर्मा. केंब्रिजला रासायनिक अभियंते डँकवर्ट्स यांच्याकडे संशोधन करून शर्मा २७व्या वर्षी यूडीसीटीत प्राध्यापक झाले होते. न मिसळणाऱ्या दोन द्रवांत अभिक्रिया होते, तेव्हा तिचा वेग कोण ठरवतं: रसायन, की सीमा ओलांडणाऱ्या रेणूंचा प्रवास? शर्मांच्या शाळेतला हा प्रश्न यादव पुढे घन उत्प्रेरकांपर्यंत घेऊन गेले.

अशा उत्प्रेरकांची निकड कारखान्यात दिसते. अत्तरं, औषधं, रंग यांसाठी लागणारी कीटोन बनवताना पिढ्यान् पिढ्या ॲल्युमिनियम क्लोराइड वापरलं गेलं. म्हणायला ते उत्प्रेरक. पण तयार झालेल्या कीटोनलाच ते घट्ट धरून बसतं, त्यामुळे कच्च्या मालाच्या बरोबरीनं किंवा जास्तच घालावं लागतं. शेवटी पाणी ओतून ते तोडायचं, की उरतं आम्लधर्मी सांडपाणी. १९९२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी हिशेब मांडला: सूक्ष्म रसायनांच्या उद्योगात एक किलो मालामागे ५ ते ५० किलो कचरा!

यादवांचा मार्ग घन आम्लाचा. झिर्कोनियावर, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडवर, सल्फेट बसवायचं, किंवा के-१० नावाच्या चिकणमातीवर हेटरोपॉली आम्ल. काम झालं की गाळून, धुऊन पुन्हा वापरायचं. सल्फेटेड झिर्कोनियाची छिद्रं लहान, मोठे रेणू आत शिरत नाहीत. म्हणून त्यांनी मोठ्या छिद्रांच्या सिलिकाशी त्याची सांगड घातली आणि ‘यूडीकॅट’ मालिका उभी राहिली.

ॲल्युमिनियम क्लोराइड, गंधकाम्ल ही जुनी आम्लं स्वस्त आहेत, म्हणून बदल सावकाश होतो. तरीही सांडपाणी शुद्ध करण्यापेक्षा ते निर्माणच न होऊ देणं, हे अभियंत्याचं खरं काम आहे.

२००९ ते २०१९ ही दहा वर्षं यादव याच संस्थेचे कुलगुरू होते. तोवर यूडीसीटीचं नाव रसायन तंत्रज्ञान संस्था झालं होतं. ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्रासोबत त्यांनी तांबं-क्लोरीन चक्रातून पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्याचं कामही केलं. त्यासाठी सुमारे ५५० अंश सेल्सिअस तापमान पुरतं, आणि घन आम्लाप्रमाणेच तांब्या-क्लोरिनची संयुगंही चक्रातच फिरत राहतात.