पुतळ्यावरचा सराव : रुग्णवाहिकेतली माणसं कशी तयार होतात?

१०८ ला फोन केला की गाडी येते, तिच्यात डॉक्टर आणि पायलट (म्हणजे चालक) असतो, हे आता वाडी-वस्तीवरही ठाऊक आहे. राज्यात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. पण ऐनवेळी या दोघांचे हात चुकू नयेत म्हणून काय करतात? नुसतं पुस्तक वाचून ते येत नाही. खोटा रुग्ण समोर ठेवून खऱ्यासारखा सराव करावा लागतो. यालाच सिम्युलेशन प्रशिक्षण म्हणतात.

त्यातला जुना सोबती म्हणजे 'रेससी अ‍ॅन' हा पुतळा. नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने तो १९६० मध्ये आणला. त्यावर सीपीआर शिकतात : छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर ३० दाबांनंतर २ श्वास. बघायला सोपं वाटतं. पण दोन मिनिटांत भलाभला गडी घामाघूम होतो, दाब उथळ पडायला लागतात आणि करणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. आता गाडीत मागे डॉक्टर एकटाच असेल तर बदली कोण? गाडी थांबवून पायलट येणार, की सोबतच्या नातेवाइकाला सांगायचं? हा प्रश्न वर्गात पडत नाही, सरावात पडतो. त्यामुळे पायलटला वगळून घेतलेलं प्रशिक्षण अर्धवटच म्हणायचं.

आपल्या भागाला लागू पडणारा प्रसंग घ्या. रात्री मण्यार चावलेला शेतमजूर. चावल्या जागी ना सूज, ना फारशी वेदना. पण पापण्या जड झाल्यात, बोलणं अडखळतंय. प्रशिक्षक हळूहळू मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली आणतो. टीमने वेळीच ओळखून अँबू बॅगने श्वास द्यायला घ्यायचा आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तो तुटू द्यायचा नाही. तेही अरुंद जागेत, खड्ड्यांच्या रस्त्यावर! बोलण्याचीही शिस्त असते. एकाने "ऑक्सिजन लावा" म्हटलं की दुसऱ्याने "ऑक्सिजन लावला" असं मोठ्याने सांगायचं. नाहीतर दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने केलं असेल.

खरं शिक्षण होतं ते नंतरच्या चर्चेत. काय दिसलं, काय ठरवलं, उशीर कुठे झाला, हे टीमने स्वतः सांगायचं. तिथे साहेबांनी झापायला सुरुवात केली की माणसं चुका लपवतात, मग सराव वाया.

दरवेळी महागडा पुतळाच हवा असंही नाही. बाळंतपणासाठी 'मामानॅटली' नावाचं साधन आहे. ते एकीने पोटाला बांधायचं. त्यातून बाहुलीचं बाळ बाहेर येतं, खोटा रक्तस्रावही दाखवता येतो. तेही नसेल तर सहकाऱ्यालाच स्ट्रेचरवर झोपवून बरंच काही करता येतं. अर्थात छाती दाबणं मात्र पुतळ्यावरच, जित्या माणसावर नाही. शिकलेलं काही महिन्यांतच ओसरायला लागतं, म्हणून वर्षातून एकदा भरणाऱ्या शिबिरापेक्षा गाडीपाशीच वरचेवर घेतलेला पंधरा-वीस मिनिटांचा सराव जास्त कामाला येतो.