मॅडिसन स्क्वेअर गार्डनची चार स्थित्यंतरे

न्यूयॉर्क शहराच्या ऐन मध्यवस्तीत, रेल्वेने सोडून दिलेल्या ज्या आगारात बार्नम या सर्कसवाल्याने १८७४ साली आपले खेळ मांडले, त्यालाच १८७९ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे नाव प्राप्त झाले. त्याच जागी १८९० साली स्टॅनफर्ड व्हाइट या स्थापत्यविशारदाने उभारलेली दुसरी वास्तू, आपल्या उत्तुंग मनोऱ्यामुळे, नगरीचे भूषण ठरली खरी. तथापि जमाखर्चाचा मेळ कधीच न बसल्याने गहाणदार विमा कंपनीने अखेर ती पाडून तेथे आपली कचेरी बांधली. मुष्टियुद्धांचा चतुर आयोजक टेक्स रिकर्ड याने १९२५ मध्ये आठव्या ॲव्हेन्यूवर तिसरे गार्डन उभे केले, आणि मल्लांच्या झुंजी, सर्कशी, राजकीय सभा यांनी ते चार दशके गजबजत राहिले. चौथे, आजचे गार्डन १९६८ साली उघडले; परंतु त्याच्यासाठी पेनसिल्व्हेनिया स्थानकाची भव्य इमारत १९६३ पासून जमीनदोस्त करण्यात आली, रेल्वे तेवढी तळघरात उरली, आणि त्या विध्वंसाने क्षुब्ध झालेल्या लोकमताच्या रेट्यामुळे १९६५ मध्ये शहराला ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणाचा कायदा करणे भाग पडले.