निवविणारें पाणी आणि अडलेली हवा

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा शक्तीचा इतिहास लिहितात. त्या शक्तीबरोबर उत्पन्न होणाऱ्या उष्णतेचें पुढें काय झालें, याची वास्तपुस्त ते फारशी करीत नाहींत. वस्तुतः मोटारींत जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा लहानसा वांटाच चाकांपर्यंत पोंचतो. उरलेली उष्णता धुराबरोबर व निवविणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर घालवावी लागते. हें पाणी प्रथम उघडें होतें, मग झांकलें गेलें व शेवटीं मोहरबंद झालें. या स्थित्यंतरामुळें मोटार बाळगणाऱ्यांची पुष्कळ दगदग वांचली. परंतु पाण्याच्या मार्गांत हवा अडकून राहण्याचा विकारही त्यामुळेंच बळावला, असें मला वाटतें.

कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं ज्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें, तींत इंजिनाभोंवतींचें पाणी उकळून त्याची वाफ निघून जाई. १८८८ च्या ऑगस्टांत त्याची पत्नी बेर्टा ही आपल्या दोन मुलांसह त्याच्या गाडींतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, तेव्हां वाटेंत तिला वारंवार पाणी भरावें लागलें. ही व्यवस्था उधळी खरी. पण तींत हवा कोंडण्याची भीति नव्हती, कारण वाफेस आकाश मोकळें होतें.

पुढें विल्हेल्म मायबाख यानें १९०० सालीं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर योजिला. पहिल्या मर्सिडीझ गाडीच्या या रेडिएटरांत ८,०७० बारीक नळ्या होत्या; त्यांमधून वारा वाहे व भोंवतालचें पाणी निवून पुन्हां कामास येई. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींत, आरंभींच्या कांहीं गाड्या सोडल्यास, पाणी फिरवावयास पंपसुद्धां नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढे, रेडिएटरांत निवून खालीं उतरे व पुन्हां इंजिनांत शिरे. या सुंदर योजनेस अट एकच होती. पाण्याची धार कोठेंही तुटतां कामा नये. पातळी वरच्या नळीच्या तोंडाखालीं गेली कीं पाण्याचें फिरणें खुंटे. मात्र तो रेडिएटर उंच असून त्याचें झांकण पाण्याच्या मार्गांत सर्वांहून वर असे; त्यामुळें अडकलेली हवा आपल्या पायांनींच झांकणापर्यंत चालत येई.

त्यानंतर झांकणांत स्प्रिंग बसवून पाणी दाबाखालीं ठेवण्याची युक्ति निघाली. वातावरणाच्या दाबावर तितकाच आणखी दाब दिला, तर पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें. म्हणून घाट चढतांना बॉनेट उघडून कडेला थांबण्याचे प्रसंग कमी झाले. १९६१ सालीं फ्रान्समध्यें निघालेल्या ‘रेनो ४’ गाडींत तर मालकास वरचेवर पाणी भरावें लागूं नये अशी बंद योजना होती. पुढें गाड्यांचीं बॉनेटें खालीं आलीं, रेडिएटर खुजा झाला आणि पुष्कळ गाड्यांत इंजिनाचा माथा किंवा हीटरची नळी त्याहून उंच राहिली. हवा स्वभावतः वर जाते; तिचें बिऱ्हाड आतां झांकणाखालून निघून आडवळणीं गेलें.

हें बिऱ्हाड लहान असलें तरी घातक आहे. एक लिटर पाणी एक अंश तापतांना जेवढी उष्णता पोटांत घेतें, तेवढी घेण्यास सुमारें साडेतीन हजार लिटर हवा लागेल. म्हणून पोकळीपाशीं धातु भाजतो, इंजिनाचा माथा वांकतो, गॅस्केट जातें. विशेष हें कीं, तापमान मोजणारें साधन पाण्याऐवजीं हवेंत राहिलें, तर कांटा तापमान कमी दाखवूं शकतो. ज्या साक्षीवर मालक विसंबला, तीच खोटी निघते.

ही हवा घरीं काढतां येते. प्रत्येक गाडीची रीत तिच्या पुस्तिकेंत असते व तीच प्रमाण मानावी. सामान्य क्रम असा. प्रथम इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडणाऱ्याचे हातच काय, तोंडही भाजतें. गाडी पुढून उंच राहील अशी चढावर उभी करून चाकांस अटकाव लावावा व हीटरची कळ पूर्ण उष्णतेवर ठेवावी. कूलंट सावकाश ओतावें. घाईनें ओतलें कीं हवा आंत कोंडते. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करावा व बुडबुड्यांविना धार लागतांच आंवळावा. मग इंजिन मंद चालवावें. थर्मोस्टॅट उघडला कीं पातळी उतरते. ती भरीत जावी. बुडबुडे थांबले कीं झांकण लावावें व गाडी निवल्यावर पातळी पुन्हां पाहावी. बुडबुडे कांहीं केल्या थांबेनात, तर सिलिंडरांतील वायु गॅस्केटमधून पाण्यांत येत असण्याचा संभव असतो. अशा वेळीं मेस्त्रीसच गांठावें. बहुतेक कूलंटांतील ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतें. सांडलेलें कूलंट मुलें व कुत्रींमांजरें तेथें येण्यापूर्वींच पुसून टाकावें.

मॉडेल टीचा मालक झांकण उघडून पाणी वरचेवर पाही, कारण न पाहून चालत नसे. आज न पाहतां पुष्कळ दिवस चालतें, आणि धोका आहे तो नेमका त्या पुष्कळ दिवसांत. सुधारणेनें आपलें काम हलकें केलें, याबद्दल तिचे आभारच मानले पाहिजेत. परंतु पाण्याची धार अखंड असावी, हा जुना नियम तिनें अद्याप रद्द केलेला नाहीं. तो केवळ दृष्टीआड गेला आहे, आणि महिन्यांतून एकदां, थंड इंजिनावर, तो आठवावा एवढेंच आपल्याकडून अपेक्षित आहे.