तुतीची लागवड व टिपूचें एक पत्र

शके १७०८ म्हणजे इ. स. १७८६ हें साल वाचकांस हरिपंत फडके यांच्या कर्नाटकच्या मोहिमेमुळें परिचित आहे. मे महिन्यांत मराठ्यांनीं बदामी घेतली व पावसाळ्यांत टिपू तुंगभद्रा उतरून त्यांजवर चालून आला. याच धामधुमींत, ता. २७ सप्टेंबर रोजीं, त्यानें श्रीरंगपट्टणच्या किल्लेदारास एक पत्र धाडलें. त्यांत लढाईचा शब्द नाहीं. विषय रेशमाच्या किड्यांचा आहे.

किडे आणण्यास बंगाल्यांत पाठविलेले बुऱ्हाणुद्दीन व कस्तुरी रंगा सिद्धवटाच्या वाटेनें परतत आहेत. जुन्या वाड्यामागील मोकळ्या जागेजवळ किड्यांची तूर्त सोय करावी. किती आले व पैदास कशी करावी तें विचारून कळवावें, असा मजकूर आहे. आम्हांस मोलाचें वाटतें तें निराळेंच कलम : पूर्वींच्या हुकुमानें लावविलेल्या रानतुतीचा पाला त्यांस घालावा. हा किडा तुतीवांचून जगत नाहीं. झाड आधीं, किडा मागून. म्हैसुरी रेशमाचा आरंभ या पत्रापासून धरणारांनीं तो लागवडीच्या त्या पूर्वींच्या हुकुमापर्यंत मागें न्यावयास हवा.

१७९९ त पट्टण पडल्यावर हातीं आलेल्या फारशी पत्रांचें भाषांतर कर्कपॅट्रिकनें १८११ त छापलें, म्हणून हें कलम आपणांस दिसतें. आमच्याकडे राजकारणाचीं पत्रें निवडून बागाइताचे कागद बाजूस सारण्याची खोड आहे, व तींतून आम्हीही सुटलों नाहीं. एका वाड्यांत बागेच्या हिशेबांचा रुमाल आम्हीं गांठ न सोडतां परत केला. पुढें गेलों तेव्हां तो तेथें नव्हता.