उषेचे बहुवचन : टिळकांच्या ध्रुवसिद्धान्ताची भाषिक बाजू

मालवण येथे १८३७ साली जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली मुंबईस विल्सन व्याख्याने देऊन आर्यभाषांच्या ऐतिहासिक अभ्यासास आपल्याकडे शिस्त लावली. त्याच किनाऱ्यावर, रत्नागिरीस, १८५६ साली जन्मलेल्या टिळकांनी शब्दांचा माग काढीत उत्तरध्रुव गाठला. नान्सेनची ‘फ्राम’ नौका १८९६ साली हिमसागरातून परतली होती; टिळकांचा प्रवास मात्र कारागृहात झाला. १८९८ साली माक्स म्युलर यांनी धाडलेली ऋग्वेदाची आवृत्ती त्यांना तेथे मिळाली आणि ती वाचण्यास रात्री काही तास दिव्याची सवलतही लाभली. त्या वर्षाच्या अखेरीस लिहिलेला ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ साली पुण्यास प्रसिद्ध झाला. ध्रुव ही मानवाची आद्यभूमी, हे बोस्टनच्या वॉरन यांचे १८८५ सालचे मत त्यांच्यापुढे होतेच.

ग्रंथाचा खरा कणा एका विभक्तिरूपात आहे. ऋग्वेदात एकाच पहाटेस उद्देशून ‘उषसः’ असे बहुवचन येते. यास्काने ते आदरार्थी मानले, आणि वडीलधाऱ्यास ‘अहो’ म्हणणाऱ्या मराठी वाचकास ते सहज पटेल. टिळकांस पटले नाही. तैत्तिरीय संहितेत तीस भगिनी उषा एकत्र फिरतात. आदराची अशी मोजदाद होत नसते, हा त्यांचा आक्षेप बिनतोड आहे. कोकणात झुंजुमुंजू होते न होते तोच सूर्य वर येतो; ध्रुवावर संधिप्रकाश कित्येक आठवडे क्षितिजाभोवती फिरत राहतो. मनुस्मृतीतील देवांचे सहा महिन्यांचे दिवस-रात्र आणि अवेस्तातील वर्षाएवढा दिवस यांचीही त्यांनी हीच संगती लावली.

परंतु यास्काचे स्पष्टीकरण पडले म्हणून ध्रुव सिद्ध होत नाही. तीस उषा महिन्याच्या तीस पहाटाही असू शकतात. शिवाय, तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांच्या भाषेत रेनडियर, सील, वालरस यांची काही नावे उरावयास हवी होती. वेदांत ती नाहीत. ‘हिम’ आहे, ‘भूर्ज’ आहे. पण बर्फ आणि भूर्जवृक्ष ध्रुवाच्या पुष्कळ दक्षिणेसही आढळतात. भूगर्भशास्त्राची साक्षही आता उलटली आहे. इसवी सनापूर्वी १०००० ते ८००० या काळात हिमप्रलयाने हे मूलस्थान नष्ट झाले, असे टिळक मानीत. आजच्या मापनानुसार त्याच सुमारास हिमयुग संपून उत्तर गोलार्ध उबदार होत होता. मूलस्थान म्हणून आता बहुतेक अभ्यासक काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशाकडे पाहतात.

पुण्यातच नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ साली टिळकांविरुद्ध सप्तसिंधूचा पक्ष मांडला. त्यांनी वाद भूगोलाकडे आणि अभिमानाकडे नेला. ‘उषसः’ या रूपाचा प्रश्न त्याने सुटला नाही. त्यासाठी सूक्तासूक्तांतील वचनप्रयोग मोजून, कोठे एक पहाट आणि कोठे पहाटांची रांग अभिप्रेत आहे, हे संदर्भावरून ठरवावे लागते.