सुमो बंद झाली तेव्हा

आजच्या भागात एका गाडीचा इतिहास आहे, आणि ती चालवणाऱ्या माझ्या मामाचा.

२०१९ सालची गोष्ट. कुर्डुवाडी स्टेशनाबाहेर आम्ही चहा घेत उभे होतो. कुणीतरी म्हणालं, "सुमो बंद झाली." मामानं दचकून स्वतःच्या गाडीकडे बघितलं. "माझी? आत्ता तर चालू होती की!" मग उलगडा झाला. कारखान्यात नवी सुमो बनणंच थांबलं होतं.

बंद पडणं वेगळं आणि बंद होणं वेगळं, हे आमच्या गावाला जुनं ठाऊक आहे. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं इथून बार्शीला अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. कित्येक घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या. मग रूळ रुंद झाले आणि ती छोटी गाडी गेली. गाडी चालतच होती, फक्त रुळांचं माप बदललं.

सुमो आली १९९४ साली, पुण्याच्या कारखान्यातून. नाव ऐकून जपानी पैलवान आठवतो, पण ते आलंय सुमंत मुळगावकरांवरून. 'सुमंत'मधला 'सु', 'मुळगावकर'मधला 'मो'. टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभारणारे मुळगावकर १९८९ मध्येच गेले, त्यांनी ही गाडी पाहिलीच नाही. दोन लिटरचं डिझेल इंजिन, मागे पाटे, आणि बसायला दहा जण: पुढे तीन, मध्ये तीन, मागे समोरासमोरच्या बाकड्यांवर चार.

हे चार म्हणजे कागदावरचे हं. वडापच्या हिशेबात तिथं सहा बसायचे. एकादशीला स्टेशनवर उतरलेल्या वारकऱ्यांना पंढरपूर गाठायचं असे, एसटीला गर्दी असे. मामा हाक मारायचा आणि गाडी भरायची. मी लहानपणी त्या मागच्या बाकड्यावर अनोळखी आजोबांच्या गुडघ्याला गुडघा लावून कितीदा गेलोय. पट्टा वगैरे काही नाही. दाराची कडी धरायची, बस्स.

आता त्या दिवशीच्या चहाकडे येऊ. बातमी पक्की झाल्यावर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकाला पहिली काळजी किमतीची: "आता विकायला काढली तर भंगाराचा भाव येणार." दुसरा सरळ फिटरकडे गेला, पार्ट मिळतील का विचारायला. फिटर हसला. म्हणाला, "टाटाची २०७ पिकअप बघितलीस ना? ती हिची सख्खी बहीण. पुष्कळसं सामान चालून जातं." तिसऱ्यानं क्वालिसचा दाखला दिला. ती २००० साली आली, २००५ मध्ये इनोव्हासाठी जागा सोडून गेली, आणि नंतरही कितीतरी वर्षं जुन्या बाजारात तिला मागणी राहिली.

मामा मात्र गप्प होता.

सुमो का गेली, याचं उत्तर नियमांत आहे. त्या सुमारास गाड्यांना धडकेच्या चाचण्या, एअरबॅग, एबीएस अशा अटी लागू होत होत्या आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिन सक्तीचं होणार होतं. नव्वदच्या दशकातला सांगाडा या सगळ्यात बसवायचा म्हणजे गाडी नव्यानं घडवण्यासारखंच. पंचवीस वर्षांचा प्रवास तिथं थांबला.

रात्री जेवताना मी मामाला म्हटलं, "वाईट वाटलं असेल ना?" तो बराच वेळ ताटाकडे बघत राहिला.

"वाटलं. हिच्यावर तुझ्या मामीचं दवाखान्याचं झालं, पोरींची लग्नं झाली. पण खरं सांगू? चौदा माणसं भरून मोडनिंब ओलांडलं की माझ्या पोटात गोळा यायचा. मागच्या बाकड्यावर तू पण असायचास. विठ्ठलानं सांभाळलं म्हणायचं. आता असली गाडी नाही निघत, ते बरंच झालं."

मालकांना सुमो आवडायची ती ज्या बाकड्यांसाठी, तीच तिची सगळ्यात धोक्याची जागा होती. हे मामाला चालवतानाच कळत होतं, आणि तरीही तो चालवत होता, कारण घर चालवायचं होतं.

मामानं गाडी विकली नाही. वडाप सोडलं. आता एकादशीला घरची माणसं घेऊन पंढरपूरला जातो. मागची बाकडी काढून टाकलीत. तिथं आता फक्त बोचकी असतात.

तुमच्या घरी अशी एखादी 'बंद झालेली' गाडी असेल, तर तिच्या मालकाला एकदा निवांत विचारून बघा. भेटू पुढच्या भागात.